लक्ष्मीबाईंची क्षमा

नगरहून जामखेडकडे निघालेला रस्ता चिचोंडी पाटील आणि धानोरा ही गावे मागे टाकून आमच्या कड्याला येतो, आणि मग पुढे आष्टीला जातो. २०२२ सालापासून नगर-आष्टी आगगाडीही कड्यावरून जाऊ लागली. कागदोपत्री आता नगरचे अहिल्यानगर झाले आहे. पण आमच्याकडच्या माणसांच्या तोंडी अजून नगरच आहे. जिल्हा बीडचा असला तरी आमचा बाजार, दवाखाना आणि पुस्तकांचे दुकान नगरलाच. त्यामुळे नगरच्या मातीत घडलेले कोणतेही पुस्तक आम्हांला थोडेसे आपल्याच घरचे वाटते. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ हे त्यांतले पहिले.

गेल्या दिवाळीत, भाऊबीजेच्या आदल्या दिवशी, गावातल्या आम्हा पाचपंचवीस वाचणाऱ्या मंडळींच्या बैठकीत मी ह्या पुस्तकावर बोललो. विषय मीच निवडला होता : छळणाऱ्याशी प्रेमाने वागावे ही ख्रिस्ताची शिकवण आणि ‘स्मृतिचित्रे’. बापाचा विक्षिप्तपणा, सासऱ्याचा जाच आणि नवऱ्याचा लहरीपणा हे सारे सोसून ह्या बाईने कोणाविषयी कडू शब्द लिहिला नाही, तेव्हा हे पुस्तक म्हणजे सहनशीलतेची पोथीच होय, असे मी सांगितले. व्याख्यान चांगले झाले असे लोक म्हणाले. चहा झाला, चिवडा झाला.

घरी आल्यावर थोरली आत्या म्हणाली, “का रं, ती बाई गप बसली व्हती का? तूच तर सांगितलंस, भांडली, रडली, येगळी ऱ्हायली. मग सोसलं सोसलं काय लावलंस?”

आत्याला असे विचारण्याचा अधिकार आहे. तिच्या उमेदीची वर्षे सासरच्या जाचात गेली. त्याची कहाणी येथे सांगण्याचे कारण नाही. पुढे एक गोष्ट तेवढी सांगेन. परंतु तिच्या प्रश्नाने माझे व्याख्यान पार उसवले. म्हणून मी ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा पहिल्यापासून वाचली, आणि त्याबरोबर शुभवर्तमानांतील तो उपदेशही पुन्हा पाहिला. गेल्या दिवाळीत जे बोललो ते दुरुस्त करावे, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

आधी त्या उपदेशाविषयी. ख्रिस्ताने डोंगरावर केलेले प्रवचन आपल्यापैकी बहुतेकांना एका वाक्प्रचारापुरतेच ठाऊक असते : एका गालावर मारले तर दुसरा पुढे करावा. हा वाक्प्रचार आपण थट्टेनेच अधिक वापरतो. पण मत्तयाच्या पाचव्या अध्यायात तो गाल नुसता गाल नाही, उजवा गाल आहे. समोरच्याने उजव्या हाताने मारावयाचे तर उजव्या गालावर पंजाची पाठच बसते. आणि पालथ्या हाताने मारणे ही धन्याने नोकराला, वरच्याने खालच्याला हिणवण्याची रीत होती, असे काही भाष्यकार सांगतात. हे खरे धरले, तर दुसरा गाल पुढे करणारा माणूस मार मागून घेत नाही. ‘मारावयाचे तर बरोबरीचा समजून मार’ असे तो न बोलता सांगत असतो. त्याच प्रवचनात एक मैल ओझे वाहायला लावणाऱ्याबरोबर दोन मैल जाण्याचे सांगितले आहे. त्या काळी रोमन शिपाई वाटेवरच्या कोणालाही धरून त्याच्या डोक्यावर आपले ओझे देऊ शकत असे. ही सरळ सरळ वेठ होती. बीड जिल्ह्यातल्या वाचकाला वेठ म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात होतो आणि वेठीच्या गोष्टी आमच्या आज्यापणज्यांच्या तोंडून आम्ही ऐकल्या आहेत. पहिला मैल शिपायाच्या हुकमाचा. दुसरा मैल चालणाऱ्याच्या मर्जीचा. त्या दुसऱ्या मैलात वेठबिगार पहिल्यांदा स्वतःच्या इच्छेने चालतो.

ह्याहून महत्त्वाची गोष्ट योहानाच्या शुभवर्तमानात आहे, आणि ती मी व्याख्यानात सांगितली नव्हती. महायाजकापुढे चौकशी चालू असताना एका शिपायाने ख्रिस्ताला चपराक मारली. तेव्हा ख्रिस्ताने दुसरा गाल पुढे केल्याचे योहान सांगत नाही. मी वाईट बोललो असेन तर ते दाखवून दे, आणि नसेन तर मला का मारतोस, अशा अर्थाचा सरळ प्रश्न त्याने त्या शिपायाला केला. शिव्या नाहीत, शाप नाही, पण मुकाट्याने गिळणेही नाही. मारणाऱ्याला त्याने कारण विचारले, म्हणजेच त्याला विचार करू शकणारा माणूस मानले. मला वाटते, ख्रिस्ती क्षमेचा गाभा येथे आहे. अन्यायाला अन्याय म्हणावयाचे; परंतु अन्याय करणाऱ्याला माणसांतून उठवावयाचे नाही.

हा विचार मराठी मनाला परका नाही. नेवाशाला ज्ञानदेवांनी ग्रंथ पुरा करून जे मागणे मागितले, त्यांत दुष्टांचा नाश मागितलेला नाही. त्यांच्या मनाचा वाकडेपणा तेवढा जावा असे म्हटले आहे. पैठणला गोदावरीत स्नान करून येणाऱ्या नाथांच्या अंगावर एक मनुष्य पुन्हा पुन्हा थुंकत राहिला आणि नाथ पुन्हा पुन्हा नदीवर जात राहिले, ही आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकत आलो. टिळकांसारखा कवी ख्रिस्ताकडे गेला तोही अभंगाचे बोट धरून गेला, ह्याचे कारण हेच असावे. पण येथे एक भेद ध्यानात ठेवायला हवा. नाथ हे नाथ होते. पैठणात त्यांना मान होता, घर होते, शांतीचा अधिकार होता. ज्याच्यापाशी ह्यांतले काहीच नाही, अकरा-बारा वर्षांची सासुरवाशीण, परावलंबी, जिला घराबाहेर वाट नाही, तिच्या शांतीला आपण क्षमा म्हणावे की निरुपाय? आत्याचा प्रश्न हाच होता. आणि ‘स्मृतिचित्रे’ हे पुस्तक मोठे आहे ते ह्या प्रश्नापासून पळत नाही म्हणून.

लक्ष्मीबाई १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपुरात गोखल्यांच्या घरी जन्मल्या; माहेरचे नाव मनकर्णिका. १८५७ च्या धामधुमीत घराण्यातील एका निकटच्या आप्ताला फाशी झाली आणि त्या धक्क्यातून वडिलांचे सोवळे वेडाच्या थराला गेले. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याखेरीज घरात येईना. बायकामुलांचे जिणे त्या धुण्यातच संपू लागले. १८८० मध्ये नारायण वामन टिळकांशी लग्न झाले. सासरे कडक आणि जाच करणारे. नवरा बुद्धिमान, प्रेमळ, आणि घरसंसाराच्या दृष्टीने केवळ वादळ. मनात येईल तेव्हा नोकरी सोडावी, कोणाला न सांगता निघून जावे, हाती आलेला पैसा दुसऱ्याला देऊन टाकावा, आणि संतापला की घर डोक्यावर घ्यावे. १८९३ मध्ये आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन गृहस्थाने टिळकांना बायबल दिले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंच्या पायांखालची जमीनच गेली. नवरा जिवंत असून त्या नवऱ्याविना झाल्या. लहान मुलाला घेऊन नातलगांच्या आश्रयाने त्यांना दिवस काढावे लागले.

आता हे सारे त्या कसे लिहितात ते पाहा. वडिलांचे सोवळे सांगताना त्या एकही तपशील झाकत नाहीत. कोणी म्हणेल, बापाची अशी उणी बाजू मुलीने चारचौघांत सांगावी काय? पण त्या सांगतात, आणि हसत सांगतात. सासऱ्यांचा जाच सांगतात. टिळकांचा राग आणि त्यांचा पश्चात्ताप शेजारी शेजारी ठेवतात. ह्या कथनात वकिली नाही. ‘पाहा हो, माझ्यावर काय ओढवले’ असा सूर नाही, आणि ‘ते थोर होते, माझेच चुकले’ असाही सूर नाही. माझी चूक झाली ती येथे. त्यांच्या सुरातला गोडवा ऐकून मी समजलो की त्यांच्या वागण्यातही तसाच गोडवा असणार. खरे पाहता घटना घडत असताना ही बाई मुळीच गप्प बसलेली नाही. ती भांडते, अडून बसते, नवऱ्याला टोमणे मारते, आणि रडून आकांत करते. टिळक ख्रिस्ती झाले म्हणून ती ख्रिस्ती होत नाही. पुढे त्यांच्याजवळ राहायला येते तेव्हाही काही काळ आपले सोवळे आणि आपले पाणी वेगळे ठेवून राहते. ह्याला सोसणे म्हणत नाहीत. बाई आपल्या जागेवर पाय रोवून उभी होती.

आणि ती हलली ती कशाने? जातिभेद देवाने केला की माणसाने, ह्याचा तिने एकटीने बसून विचार केला. माणसाने केला असे ठरल्यावर त्या दिवसापासून कोणाच्याही हातचे खायला-प्यायला ती मोकळी झाली. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा. ज्या घरात धुण्याने माणसे वेडी झाली होती, त्या घरातली मुलगी विटाळाचे सारे गाठोडे अशा रीतीने खाली ठेवते, हा प्रसंग मराठी गद्यातील फार थोर प्रसंगांपैकी एक आहे. त्यात आरडाओरडा नाही, आणि नवऱ्याची आज्ञाही नाही.

त्यानंतर ह्या घरात जे घडले ते आपल्याला ठाऊक आहे. नगरच्या टिळकांच्या घरी अनाथ मुले वाढली, दुष्काळाने आणि प्लेगने पोळलेली माणसे आली, बालकवी ठोमरे घरच्या मुलासारखे राहिले. टिळक १९१९ मध्ये गेले. त्यांनी आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले होते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले. ज्या माणसाने आपल्याला एकदा वाऱ्यावर सोडले, त्याचे अर्धे राहिलेले काम हाती घेणे, ह्याला मी दुसरा मैल म्हणेन. पहिला मैल त्यांच्यावर लादलेला होता. हा त्यांनी आपण होऊन चालला.

ह्या पुस्तकाची तुलना रमाबाई रानड्यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’शी करून पाहावी. ते पुस्तक १९१० चे. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागांनी आली. शिकू पाहणाऱ्या सुनेला घरातल्या बायकांनी किती बोलून घेतले, हे रमाबाईही सांगतात; आणि उलट उत्तर न करता ऐकून घ्यावे हा पतीचा उपदेश आपण कसा पाळला तेही सांगतात. तेथे सहनशीलता हे व्रत आहे आणि व्रत देणारा पती पूज्य आहे. त्या पुस्तकाचे मोल मी कमी लेखत नाही. त्यातल्या संयमाने आजही मान लवते. पण लक्ष्मीबाईंचा मार्ग निराळा आहे. त्या नवऱ्याला देव्हाऱ्यात बसवीत नाहीत. त्याला हसतात. आणि ज्याला आपण मोकळेपणाने हसतो त्याचा द्वेष आपल्या मनातून आधीच गेलेला असतो, हे त्यांचे पुस्तक वाचताना पुन्हा पुन्हा पटते. देव केलेल्या माणसाला क्षमा करता येत नाही; त्याच्या चुकांनाही लीला म्हणावे लागते. टिळकांना लक्ष्मीबाईंनी माणूसच ठेवले, म्हणून त्यांना क्षमा करता आली.

टीकाकाराने उणेही दाखवले पाहिजे. मला ह्या पुस्तकात एक गोष्ट अपुरी वाटते. रागापासून प्रेमापर्यंतचा जो प्रवास लक्ष्मीबाईंच्या मनात झाला असेल, तो त्या फारसा दाखवीत नाहीत. जातीच्या विचाराविषयी त्या जसे पायरीपायरीने सांगतात, तसे क्षमेविषयी सांगत नाहीत. घडले त्याला चाळीस-पन्नास वर्षे लोटल्यावर त्या लिहीत आहेत. काळाने काय केले आणि श्रद्धेने काय केले, हे निवडून काढणे वाचकाला अवघड जाते. दुसरे असे की विनोद हा दुधारी असतो. वडिलांच्या सोवळ्याची हकीकत वाचून आपण इतके हसतो की त्या सोवळ्यापायी त्यांच्या आईचा जन्म झिजून गेला हे क्षणभर विसरतो. लक्ष्मीबाई स्वतः ते विसरलेल्या नाहीत; पण आईच्या वाट्याला त्यांनी आणखी दोन पाने दिली असती तर बरे झाले असते. स्वतःवरचा अन्याय हसून सोडून देण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. दुसऱ्यावरचा अन्याय आपल्याला तितक्या सहज सोडता येत नाही.

हा शेवटचा मुद्दा मला फादर फ्रान्सिस दिब्रिटोंकडे पाहून सुचला. २०१९ मध्ये त्र्याण्णवाव्या मराठी साहित्य संमेलनासाठी त्यांची निवड झाली आणि ख्रिस्ती धर्मगुरू अध्यक्ष कसा, म्हणून विरोध झाला, धमक्याही आल्या. जानेवारी २०२० मध्ये आमच्या शेजारच्या उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, ते आजारी असूनही चाकाच्या खुर्चीवरून आले. स्वतःच्या अपमानाचे भांडवल त्यांनी केले नाही. परंतु हेच दिब्रिटो वसईत जमिनी बळकावणाऱ्यांच्या आणि गुंडगिरीच्या विरुद्ध हरित वसईच्या चळवळीत उघड उभे राहिले होते. स्वतःला लागलेला दगड त्यांनी खाली ठेवला. शेजाऱ्याच्या घरावर पडणारा दगड मात्र अडवला. २०२४ च्या जुलैत ते गेले. ‘सुबोध बायबल’ लिहिणाऱ्या ह्या माणसाने ते प्रवचन बरोबर वाचले होते असे म्हणावे लागते.

पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात जुन्या नीतिसूत्रांतला एक विलक्षण दाखला घेतला आहे. शत्रू भुकेला असेल तर त्याला जेवू घालावे. त्याने त्याच्या डोक्यावर निखारे रचल्यासारखे होईल. हे निखारे सूडाचे की शरमेचे, ह्यावर पंडितांत पुष्कळ वाद आहे. मला त्याचा अर्थ आत्याकडून कळला.

आत्या लेकीला घेऊन कड्याला परत आली त्याला बरीच वर्षे झाली होती. एके दिवशी निरोप आला की सासू अंथरुणाला खिळली आहे आणि करणारे कोणी नाही. घरात सगळ्यांनी नको म्हटले. आत्या गेली. तीन महिने तिने म्हातारीचे सगळे अंथरुणातच केले. परंतु गेल्या गेल्या, पहिल्याच संध्याकाळी, तिने तिच्या उशाशी बसून एकेक गोष्ट मोजून सांगितली : अमुक दिवशी उपाशी ठेवलेस, अमुक दिवशी रात्री बाहेर काढलेस. म्हातारी तोंड फिरवून पडली होती. सांगून झाल्यावर आत्याने चूल पेटवली आणि तिला पेज करून भरवली. हे तिने मला गेल्या दिवाळीपूर्वी कधी सांगितले नव्हते.

मी विचारले, “मग माफ केलंस का तिला?”

ती म्हणाली, “केलं का न्हाई, ते मला ठावं न्हाई. बोलल्याबिगर मात्र माझ्यानं पेज भरवली नसती. भरवली असती तर ती भ्यालेल्या सुनंची पेज झाली असती.”

आत्याने बायबल वाचलेले नाही. ती पंढरीची वारकरीण आहे. पण महायाजकापुढे उभे राहून चपराक मारणाऱ्याला कारण विचारणारा ख्रिस्त आणि ही माझी आत्या, ह्यांच्यात मला आता फार अंतर दिसत नाही. आधी खरे बोलावे आणि मग पेज भरवावी, असा तो क्रम आहे. मी व्याख्यानात पेज तेवढी सांगितली आणि बोलणे गाळले. ‘स्मृतिचित्रां’त दोन्ही आहेत : चार भागांचे ते पुस्तकच मुळी लक्ष्मीबाईंचे उशाशी बसून केलेले बोलणे आहे, आणि त्यातले हसू ही त्यांची पेज आहे.

तेव्हा, ज्यांच्या घरी ह्या दिवाळीत कोणी जुन्या दुखण्याचे माणूस फराळाला येणार असेल, त्यांनी हे पुस्तक जरूर वाचावे. आणि कोणाला ते भेट द्यावयाचे असेल, तर ‘बघ, ह्या बाईने किती सोसले’ असे म्हणून देऊ नये. तसे म्हणून दिलेले पुस्तक सुनेच्या डोक्यावर आणखी एक ओझे होते. मी ते ह्या वर्षी आत्याला दिले आहे. चाळशी लावून ती रोज ओसरीवर चार पाने वाचते. सोवळ्याच्या प्रकरणापर्यंत ती आली आहे. काल मोठ्याने हसली, आणि मग बराच वेळ पुस्तक मांडीवर मिटून गप्प बसून राहिली. काय आठवले ते मी विचारले नाही.